अंगणातले किडे आणि मुलं: हातात घेऊ द्यायचे की लांबूनच बघायचे?

पानाआड
आधी माझं मत सांगते, मग प्रश्न विचारते. लहान मुलाला मातीत एखादा जीव सापडला की जो आनंद होतो, तसा विकतच्या खेळण्याने होताना मी पाहिलेला नाही. आणि तो आनंद मोडतो आपण मोठी माणसंच. "शी", "टाक ते", "चावेल हां", एवढ्यावर संपतो.

आमची लेक पाच वर्षांची आहे. कुंडी सरकवली, वीट उचलली की तिचा श्वास थांबतो. खाली काही नसलं तरी चालतं, कारण पुढच्या विटेखाली असू शकतं. परवा भिंतीच्या कडेने पैसा किडा चालला होता. ही उकिडवी बसून त्याच्याबरोबर भिंतीच्या टोकापर्यंत सरकत गेली आणि म्हणाली, "आई, याला इतके पाय आहेत आणि एकपण अडखळत नाही."

प्रश्न असा की सापडलेला प्रत्येक जीव तिला आधी हातात हवा असतो, मग बरणीत आणि रात्री उशाशी. यावरून घरात दोन तट आहेत. सासूबाई म्हणतात मुक्या जिवाला कोंडू नये, बघावं आणि सोडावं. नवरा म्हणतो हात लावल्याशिवाय ओळख होत नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय. तुमच्याकडे काय करता?

रानवाट
धागा फार आवडला. हातात द्या, पण किडा चिमटीत उचलू देऊ नका. मुलाला जमिनीवर बसवायचं, तळहात उताणा करून किड्याच्या वाटेत ठेवायचा आणि त्याला स्वतःहून चढू द्यायचं. नाही चढला तर नाही. चिमटीत मऊ अंगाचा जीव चेंगरतो, आणि उभ्याने हातात घेतला की गुदगुल्या झाल्याबरोबर मूल हात झटकतं आणि तो खाली आपटतो. बसून घेतला तर दोन्ही टळतं.

आणि दगड उचलला तर जसा होता तसाच परत ठेवायला शिकवा. त्याच्याखालची ओल ही त्या सगळ्यांची राहण्याची जागा आहे. उघडी पडली तर गांडूळ, गोगलगाय थोड्या वेळात सुकतात.

मृण्मय
"एकपण अडखळत नाही" याला सलाम! पैशाच्या अंगाच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि लाटेसारखे ते मागून पुढे हलत जातात. तिला सांगा, ऑस्ट्रेलियात जमिनीच्या खूप खोल एक सापडलाय, त्याला १,३०६ पाय आहेत. २०२१ साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. आजवर कुठल्याही प्राण्याला इतके पाय मोजलेले नाहीत.

पानाआड
सांगितलं. पहिला प्रश्न आला, "कोणी मोजले? तो हलत नव्हता का?"

शंकासूर
सगळे इतके खुशीत आहेत म्हणून लिहायला संकोच वाटतोय, पण मला हे इतकं सोपं वाटत नाही. माझ्या भाच्याने केसाळ सुरवंट उचलला होता. हातभर पुरळ, त्याच हाताने डोळा चोळला, रात्रभर रडत होता. पाच वर्षांच्या मुलाला कुठला किडा चालेल आणि कुठला नाही हे कसं कळणार? आणि खरं सांगायचं तर आपल्याला तरी कुठे कळतं? मी सासूबाईंच्या बाजूने. लांबून बघा.

निंबोणी
शंकासूर, काळजी रास्त आहे. दवाखान्यात अशी मुलं येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हात लावायचा नाही असे: कुठलाही केसाळ किंवा काटेरी सुरवंट, गोम आणि घोण (पैशासारखे दिसले तरी वळ्याला पायांची एकच जोडी, अंग चपटं, पळतात भराभर आणि चावतात), विंचू, मधमाश्या, गांधीलमाश्या. काही भुंग्यांच्या अंगात कातडीवर फोड आणणारा द्रव असतो. असा किडा अंगावर बसला तर चापट मारायची नाही, फुंकर मारून उडवायचा. चिरडला की द्रव कातडीला लागतो.

सुरवंटाचे केस टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून ओढा, केस तिला चिकटून येतात, मग साबणाने धुवा. डोळ्याला लागलं असेल तर डॉक्टरकडेच. माशी चावल्यावर ओठ-चेहरा सुजू लागला, श्वास लागला, मूल मलूल झालं तर घरी काही न करता सरळ रुग्णालय गाठा.

गोगलगाईबद्दल वेगळं सांगते, कारण ती निरुपद्रवी वाटते. काही गोगलगाईंच्या अंगात मेंदूपर्यंत पोचणारे जंत असू शकतात. ते पोटात गेले तरच त्रास, पण लहान मुलाचा हात तोंडात जातोच. त्यामुळे हातात न देता काचेवर चालू द्या आणि खालून बघा. पोटाच्या स्नायूची लाट आणि तोंडाची उघडझाप खालून जास्त छान दिसते. पैसाही काही वेळा पिवळट-तपकिरी द्रव सोडतो, तो झोंबतो आणि डाग पाडतो. म्हणून काहीही हाताळलं की साबणाने हात धुणं ठरलेलं.

बाकी गांडूळ, नाकतोडा, ठिपक्यांचा ढालकिडा, गुळगुळीत अंगाचे सुरवंट, ओलसर दगडाखाली गोळी होऊन बसणारे करडे किडे, यांना तळहातावर घ्यायला माझी हरकत नाही. माझी स्वतःची दोन मुलं घेतात.

शंकासूर
हे हवं होतं. फ्रिजवर लावतो. गुळगुळीत चालेल, केसाळ नाही, हे मुलालाही लक्षात ठेवता येईल.

चिऊताईचा_बाबा
आमचे चिरंजीव मुंग्यांच्या रांगेशी बसून "एकामागे एक चला, ढकलू नका" असं बाईंच्या आवाजात सांगत असतात. आणि मुंग्या ऐकतात!

मृण्मय
ऐकतात कारण पुढचीने जमिनीवर वास सोडलेला असतो :) त्याला रांगेवर बोट आडवं फिरवायला सांगा, मुंग्यांवर नाही, दोन मुंग्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. मागच्या मुंग्या त्या रेघेपाशी येऊन गोंधळतात, मिशा हलवत इकडेतिकडे शोधतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी पलीकडे पोचलं की रांग पुन्हा जुळते. माझी मुलगी तो जुळण्याचा क्षण येईपर्यंत जेवायला उठत नाही.

सांजसावली
मला एक अवघड वाटलेली गोष्ट विचारायची आहे. बारीक मातीत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे करून तळाशी लपणारा किडा असतो ना, पिपीलिका सिंह, तो मुलाला सापडला. त्यानंतर तो मुंग्या पकडून त्यात टाकू लागला. मुंगी घसरते, खालून मातीचे फवारे उडतात, मुंगी आत ओढली जाते. मुलगा टाळ्या वाजवतो. मला ते बघवत नाही. पण तो क्रूरपणे करतोय असंही वाटत नाही, त्याला फवारे आवडतात. ओरडू का?

रानवाट
ओरडू नका. त्याला गवताची काडी द्या आणि खड्ड्याच्या उतारावर हलकेच हलवायला सांगा. मुंगीच आली असं समजून तो काडीवरही माती उडवतो. फवारे मिळतील आणि मुंगीही वाचेल. मग एकदा त्याला वाट बघायला सांगा: स्वतःहून मुंगी पडते का? बहुतेक वेळा पडत नाही. किडा बसून राहतो. भूक धरून इतका वेळ बसणारा तो जीव आहे हे कळल्यावर मुलांचं त्याच्याशी नातं वेगळं होतं.

कधीतरी चमच्याने मातीसकट उचलून ताटलीत ठेवा. उलटा, मागे-मागे चालतो. मोठा झाला की त्याला पंख फुटतात आणि तो टाचणीसारखा (चतुराच्या त्या बारीक, नाजूक भावंडासारखा) दिसतो, हे आमच्याकडे कुणीच आधी मानलं नव्हतं.

अबोली१२
सांजसावली, मला रानवाट यांचं पटलं, पण एक भर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला "मुंगीला दुखतं" हे सांगायलाच हवं, साध्या शब्दांत. आमच्या गल्लीत मुलं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायची, आणि मोठी माणसं हसत बघायची. तो चतुर नंतर कुठेतरी अडकून मरायचा. माझ्या पोटात कालवायचं आणि कुणी एक शब्द बोलायचं नाही. कुतूहल आणि छळ यांच्यात रेघ असते, ती मुलाला आपोआप सापडेल असं मला वाटत नाही.

शंकासूर
+१. आणि चतुराला बघायचंच तर शांत पाण्याकाठी बसा, तो त्याच त्याच काडीवर परत येऊन बसतो.

खिडकीपाशी
तुम्हा सगळ्यांना अंगण आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर. मुलगा हा धागा माझ्याकडून वाचून घेतो आणि विचारतो, "आपल्याकडे का नाही?"

मृण्मय
खिडकीपाशी, एकच कुंडी पुरे. कुंडीखालची ताटली रात्री ओली ठेवून सकाळी उचला. कोवळ्या शेंड्यावर मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला असेल तर फवारू नका, थोडे दिवस थांबा. मावा खायला ढालकिडे येतात, त्यांच्या अळ्या येतात (काळपट, केशरी ठिपक्यांच्या, सुसरीच्या पिल्लासारख्या, प्रौढ किड्याशी काहीही साम्य नाही). ढालकिडा हातावर घाबरला तर गुडघ्यांतून पिवळा कडवट थेंब सोडतो, तोही मुलांना बघायचा असतो.

रानवाट
आणि रात्री गॅलरीत पांढरी चादर टांगून मागे दिवा लावा. चौथा मजला असला तरी पतंग येतात. पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या आणि फुलपाखराच्या टोकाला गाठ असलेल्या, एवढं एक सांगितलं की मूल पुढचा तासभर मिशाच बघतं. नंतर दिवा मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर बिचारे रात्रभर तिथेच घिरट्या घालतात.

खाली गवत असेल तर अजून एक. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत, कपाळाला लावून धरा आणि गवतावर फिरवा. हिरवट-निळे ठिपके चमकतील. ते दव नसतं, कोळ्यांचे डोळे असतात. जाळं न विणता जमिनीवर शिकार करणारा कोळी असतो, त्याचे. नशीब असेल तर पाठीवर पिल्लांचा गठ्ठा घेऊन चाललेली आई दिसते.

खिडकीपाशी
आज खाली उतरलो. ठिपके दिसले!! मुलगा ओरडला, "हे सगळे आधीपासून होते?" हो रे बाबा, आधीपासून.

शेवंती_माने
मी बरणीच्या बाजूची आहे आणि त्याचं कारण सांगते. लिंबाच्या रोपावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी छोटी अळी दिसली. मुलीने झाकणाला भोकं पाडलेल्या मोठ्या बरणीत ती ठेवली, रोज त्याच झाडाची ताजी पानं (हे महत्त्वाचं, कुठलीही पानं चालत नाहीत, अळी उपाशी मरते पण खात नाही). अळी मोठी होऊन हिरवी झाली. हात लावला की डोक्यामागून केशरी शिंग बाहेर काढायची आणि आंबूस वास सोडायची. मुलीने तिला "रागीट" म्हणायला सुरुवात केली. मग कोष. आम्ही रोज शाळेतून आल्यावर बघायचो.

एके दिवशी कोषाला बारीक भोक दिसलं आणि बरणीत टाचणीच्या टोकाएवढ्या माश्या फिरत होत्या. फुलपाखरू नाही. मुलगी इतकी रडली की मलाही रडू आलं. त्या माश्यांच्या आईने आत अंडी घातली होती आणि तिची ही पिल्लं आतलं सगळं खाऊन बाहेर आली होती. मी तिला खरंच सांगितलं, गोष्ट बदलली नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मग त्या माश्यांची आईपण आईच ना?" आता ती लिंबावर अळ्यांइतक्याच आवडीने त्या माश्या शोधते. बरणी नसती तर हे तिला कधी दिसलं असतं?

अबोली१२
शेवंती, वाचून अंगावर काटा आला. बरणीबद्दलचं माझं मत थोडं हललं, पण फक्त अळीपुरतं, आणि रोज पानं बदलणारं मोठं माणूस घरात असेल तरच. चतुर, फुलपाखरू, काजवा अशा उडणाऱ्यांना बरणीत अजिबात नको.

जुनापार
शेवंतीताईंच्या प्रतिसादावरून कुंभारीण माशी आठवली. तीही तेच करते. मातीचं छोटं मडकं बांधते, आत अंडं घालते, अळीला नांगी मारून लुळी करते, जिवंतच आत ठेवते, तोंड बंद करते. आपल्या जुन्या लोकांनी पाहिलं की आत गेली अळी आणि बाहेर आली माशी, तेव्हा अळी माशीचं ध्यान करून माशी झाली असं त्यांना वाटलं, आणि भक्ताने देवाचं ध्यान करून देव होण्याला तो दाखला दिला. कीटभृंग न्याय तो हाच. घडलं वेगळंच होतं, पण कुणीतरी भिंतीवरच्या मडक्याकडे लहान मुलासारखं किती वेळ बघत बसलं असेल! मला त्या बघणाऱ्याबद्दल फार प्रेम वाटतं.

मृण्मय
जुनापार काका, क्या बात. असे बघणारे पुढे कुठे पोचले तेही पाहा. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार १३ वर्षांची असताना रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रं काढत होती. पुढे १६९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेली ही बाई मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली, फक्त किडे बघायला. डार्विन केंब्रिजमध्ये असताना झाडाची साल काढली, दोन दुर्मीळ भुंगे दोन हातांत धरले, तेवढ्यात तिसरा दिसला, तर हातातला एक तोंडात टाकला! भुंग्याने जिभेवर जळजळीत द्रव सोडला आणि तो थुंकावा लागला. (मुलांना ही गोष्ट सांगताना शेवटचं वाक्य ठासून सांगा.) तोच डार्विन म्हातारपणी गांडुळांवर पुस्तक लिहीत बसला, १८८१ साली. गांडुळांना ऐकू येतं का म्हणून त्यांच्यासमोर पियानो वाजवला, काही नाही. दोन गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तर दोन्ही गांडुळं झटकन बिळात.

ई. ओ. विल्सन यांचा उजवा डोळा लहानपणी मासे पकडताना गेला. लांबचे पक्षी नीट बघणं जमेना, म्हणून जवळ धरता येतील अशा मुंग्यांकडे वळले आणि मुंग्यांचे जगातले मोठे जाणकार झाले.

मनवा
मी गेले काही दिवस नुसतं वाचतेय. माझी अडचण निराळी आहे. मला किड्यांची खूप भीती वाटते. फक्त झुरळांची नाही, सगळ्यांचीच. मुलगी दोन वर्षांची आहे, आत्ता काही दाखवायला आणली की मी मागे सरकते आणि तिचा चेहरा पडतो. तिच्यात माझी भीती उतरू नये असं वाटतं.

निंबोणी
मनवा, थोडी भीती उपजतच असावी. २०१७ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना कोळी आणि सापांची चित्रं दाखवली, तेव्हा फुलं आणि पाण्यातल्या माशांच्या चित्रांपेक्षा त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. तेव्हा तुमच्यात काही चुकलंय असं मानू नका. पण पुढे ती भीती वाढते की विरते हे बरंचसं जवळच्या माणसाच्या चेहऱ्यावर ठरतं. मूल नवी वस्तू बघतं आणि लगेच आईकडे बघतं.

तुम्ही हातात घ्यायची गरज नाही. मागे सरकायच्या आधी एक वाक्य बोला: "अरे वा, सापडला! मी इथूनच बघते, तू सांग काय करतोय तो." भीती वाटते हे तिला सांगितलं तरी चालेल. "घाण आहे" मात्र म्हणू नका.

मनवा
हे जमेल मला. इथूनच बघते, तू सांग. आज करून बघते.

चिऊताईचा_बाबा
मनवा, आमच्याकडे उलट आहे, मुलाला भीती आणि बाबाला हौस. मी नाकतोडा हातावर घेऊन बसतो, तो दाराआडून सूचना देतो. काल पहिल्यांदा एक बोट लावलं. नाकतोड्याला नाही, माझ्या कोपराला, पण दिशा तीच होती!

जुनापार
एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. मुलाने काही आणलं की आपण लगेच नाव सांगतो, फोनमध्ये फोटो काढून शोधतो, माहिती वाचून दाखवतो. थोडं थांबावं. नाव कळलं की मुलाचं बघणं बरेचदा थांबतं. आधी विचारावं, कुठे होता? एकटा होता का? काय करत होता? नातवाने एका भुंग्याला "चकचकीत काळे काका" नाव ठेवलं होतं आणि त्यांच्या उलटं पडण्याचं, पाय झाडून सरळ होण्याचं असं वर्णन केलं की मी पुस्तकात वाचलेलं नाही. खरं नाव चार दिवसांनी विचारलं. तेव्हा सांगितलं.

मृण्मय
काका, मी नाव आधी सांगणाऱ्यातला, आणि अजून तसाच राहीन, कारण माझ्या मुलीला नाव मिळालं की ती त्याचे भाऊबंद शोधायला निघते. मूल बघून ठरवावं बहुतेक.

पानाआड
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धागा काढला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरात बसून सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. आता ठरलंय ते असं: तळहात उताणा, बसून, किडा स्वतः आला तर. निंबोणीताईंची यादी दारामागे. बरणी फक्त पानं खाणाऱ्या अळीला, तीही अंगणातच. बाकी सगळ्यांना संध्याकाळच्या आत जिथे सापडले तिथेच सोडायचं. सासूबाईंनी बरणीला मान्यता देताना अट घातली की कोष उघडेल तेव्हा त्यांना झोपेतून उठवायचं.

उशाशी न्यायचं मात्र लेक सोडायला तयार नाही. शेवटी ती सापडलेल्या जिवाचं चित्र काढते आणि ते उशाखाली ठेवते.

एक प्रश्न तिच्याकडून, मला उत्तर देता आलं नाही: गांडुळाचं तोंड कुठल्या बाजूला?

रानवाट
मोठ्या गांडुळाच्या अंगावर एक जाडसर, फिकट पट्टा असतो. तो ज्या टोकाच्या जवळ, तिकडे तोंड. नीट दिसत नसेल तर कोरड्या कागदावर क्षणभर ठेवा, बहुतेक वेळा तोंडाच्या बाजूने पुढे जाईल. कान जवळ नेलात तर खरखर ऐकू येते, अंगावरचे बारीक ताठ केस कागदाला घासतात त्याची. मग लगेच ओल्या मातीत सोडा, ते कातडीनेच श्वास घेतं.

पानाआड
ऐकू आली! आता सासूबाई चष्मा लावून दुसरं गांडूळ शोधताहेत.